अमेरिकेच्या आरशात मराठी तरुण : ‘गुलामगिरी’पासून पँथरपर्यंत

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला अमेरिका हा देश आता परका राहिलेला नाही. पंडरीतील आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहापानाच्या वेळी चार ज्येष्ठ एकत्र आले, की एकाचा मुलगा न्यू जर्सीत असतो, दुसऱ्याची कन्या टेक्ससमध्ये असते आणि तिसऱ्याच्या नातवाला नुकताच व्हिसा मिळालेला असतो. तथापि या संभाषणात येणारी अमेरिका ही पगाराची, घराची आणि हवामानाची अमेरिका होय. मराठी मनाचा त्या देशाशी असलेला संबंध याहून पुष्कळ जुना आहे. किंबहुना, आपल्याकडील पहिला इंजिनियर तिकडे जाण्याच्या कितीतरी आधी एका मराठी ग्रंथाने अमेरिकेला नमस्कार केला होता. माणसाने माणसाला गुलाम करावे काय, हा त्या नमस्कारामागचा प्रश्न होता.

इतिहास हा पदवीपर्यंतचा माझा विषय. पुढील आयुष्य केंद्र शासनाच्या फायलींत गेले. फायलींच्या सहवासात माणसाला एक सवय लागते. कोणतीही रक्कम जमेला दिसली, की ती कोणाच्या खात्यातून आली हे तपासल्यावाचून त्याला चैन पडत नाही. आपल्या मुलाबाळांच्या अमेरिकेतील सुखसमृद्धीची अशीच तपासणी केली असता जे हाती लागते, ते सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

एक अर्पणपत्रिका

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका पाहिली म्हणजे आजही आश्चर्य वाटते. हा ग्रंथ कोणा संस्थानिकाला वा इंग्रज अधिकाऱ्याला अर्पण केलेला नाही. कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छा तेथे व्यक्त केलेली आहे.

तारुण्यात जोतीरावांनी टॉमस पेन याचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ज्याच्या लेखणीने तेथील जनतेला जागे केले, तोच हा पेन. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. आणि अवघ्या आठ वर्षांत पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने त्या घटनेचा अर्थ आपल्या समाजाला लावून दाखविला. तारायंत्र आणि आगबोटींच्या त्या काळात ही दृष्टी किती दूरवर पोचली होती, याची कल्पना यावरून यावी.

मात्र जोतीरावांनी ज्या अमेरिकेला वंदन केले, ती पुढे आपल्या वचनाला जागली नाही. १८७७ मध्ये दक्षिणेकडील राज्यांतून केंद्राचे सैन्य काढून घेण्यात आले. कृष्णवर्णीयांचा मताधिकार नाना युक्त्यांनी हिरावला गेला. १८९६ साली तर सर्वोच्च न्यायालयानेच वेगवेगळे डबे आणि वेगवेगळ्या शाळा यांना मान्यता दिली. म्हणजे गुलामगिरी गेली, अस्पृश्यता राहिली. हा शब्द आपला असला तरी त्या स्थितीला तो चपखल बसतो.

दोन स्त्रिया, एक देश

यानंतरचा संबंध दोन मराठी स्त्रियांनी जोडला. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. लुगडे आणि शाकाहार न सोडता त्या परक्या थंडीत शिकल्या. परत आल्यावर कोल्हापूरच्या रुग्णालयातील काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या रक्षेचा अंश न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या अमेरिकन मावशी कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवलेला आहे. अमेरिकेच्या भूमीत विसावलेले ते बहुधा पहिले मराठी घरकुल म्हणावे लागेल.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात राहिल्या. १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनाचा असा साक्षेपी अभ्यास त्या काळी अन्य भारतीय भाषांत क्वचितच झाला असेल. शाळा कशा चालतात, सभा कशा भरतात, वर्गणी कशी जमते, स्त्रिया आपल्या संस्था स्वतः कशा चालवितात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. तेथील स्त्रियांना त्या वेळी राष्ट्रीय मताधिकार नव्हता. तो १९२० मध्ये मिळाला. तरीही संस्थेच्या बळावर त्या समाज हलवीत होत्या, याचे रमाबाईंना विशेष अप्रूप वाटले. त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या तिथीलाच, मुंबईत शारदा सदन उघडले.

न्यूयॉर्कमधील विद्यार्थी

१९१३ च्या जुलैत बावीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्कला उतरला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्याच्या पाठीशी होती. कोलंबिया विद्यापीठात भीमराव रामजी आंबेडकर यांनी तीन वर्षे काढली. जॉन ड्युई यांचे तत्त्वज्ञान आणि सेलिग्मन यांचे अर्थशास्त्र त्यांनी तेथे ऐकले, आणि १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील आपला प्रसिद्ध निबंध तेथेच वाचला. स्वतःच्या देशात पाण्याला स्पर्श करण्याची ज्याला बंदी, त्याला तेथे ग्रंथालयाच्या कोणत्याही टेबलाशी बसता येत होते. विद्यापीठाच्या टेकडीखालीच हार्लेम हा भाग आहे. त्या वर्षांत तेथे दक्षिणेकडून येणाऱ्या कृष्णवर्णीयांची वस्ती वाढू लागली होती. एका देशात मिळालेली मोकळीक त्याच देशातील सर्वांना नाही, हे या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन, हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९४६ सालचा एक पत्रव्यवहार मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. आपण त्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्या स्थितीशी फार मिळतीजुळती आहे, असे कळवून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्युबॉइस यांनी जुलैअखेर आपुलकीचे उत्तर धाडले. पुढल्याच वर्षी घटना समितीसाठी सिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात बाबासाहेबांनी अमेरिकन घटनादुरुस्त्यांचा आणि नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतलेला दिसतो. जोतीरावांनी दुरून पाहिलेली अमेरिका आता कायद्याच्या कलमांत उतरू लागली होती.

तरुणांचे दशक

१ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. पुढे ३८१ दिवस त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी आणि मजूर मैलोगणती पायी चालले. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते. १९५९ मध्ये ते गांधीजींच्या देशाचे दर्शन घेण्यासाठी भारतात आले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांचा परिचय ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ असा करून दिला. प्रथम त्यांना धक्का बसला, आणि मग आपल्या देशातील प्रत्येक कृष्णवर्णीय खरोखर अस्पृश्यच आहे हे त्यांना उमगले, अशी हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार कॉलेजविद्यार्थी एका दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांना कोणी काही दिले नाही. ते उठलेही नाहीत. काही आठवड्यांतच दक्षिणेतील गावोगावचे विद्यार्थी असे बसू लागले. १९६१ च्या मे महिन्यात काळे-गोरे तरुण एकत्र बसमधून निघाले. प्रांतोप्रांतीच्या गाड्यांत आणि बसस्थानकांच्या प्रतीक्षालयांत भेदभाव नको, एवढीच त्यांची मागणी होती. अॅनिस्टन गावाजवळ त्यांची बस जाळण्यात आली. पंडरीच्या जुन्या बसस्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की बाकावर बसण्यासाठी मार खावा लागतो आणि पाण्याचा नळ आपल्या रंगावरून ठरतो. मग त्या तरुणांच्या धैर्याचे मोल कळेल.

१९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसांचे कुत्रे सोडण्यात आले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाखांचा मेळावा झाला. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आणि १९६५ मध्ये मताधिकार कायदा संमत झाला. यानंतर असंतोष शमावयास हवा होता. परंतु कायदा कागदावर आला तरी वस्तीतले दारिद्र्य आणि पोलिसांची लाठी कायम होती. १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. हाती बंदूक घेतलेली त्यांची छायाचित्रे जगभर गेली. गरीब मुलांना शाळेपूर्वी फुकट न्याहारी देण्याचा त्यांचा उपक्रम मात्र तितका गाजला नाही.

याच वर्षांत गोरे तरुणही अस्वस्थ होते. व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती चालू होती. अठराव्या वर्षी मरावयास पाठवायचे आणि मत मात्र एकविसाव्या वर्षी द्यावयाचे, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. १९६८ च्या एप्रिलमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या इमारती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतल्या. युद्धविषयक संशोधन आणि हार्लेमच्या रहिवाशांना डावलून बागेत बांधावयाची व्यायामशाळा, ही त्यांची दोन प्रमुख गाऱ्हाणी होती. ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याच विद्यापीठाला त्याच्या शेजारच्या वस्तीची आठवण विद्यार्थ्यांनी अशा रीतीने करून दिली. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. १९७१ मध्ये अठराव्या वर्षी मताधिकार देणारी घटनादुरुस्ती झाली. आपल्याकडे हाच बदल १९८९ साली झाला.

तीन तरुण, तीन अमेरिका

या सर्व उलथापालथीचे पडसाद महाराष्ट्रात उमटले. परंतु सर्वांना ते सारखे ऐकू आले नाहीत. स्थूलमानाने पाहता, त्या दशकातील मराठी तरुणांपुढे तीन अमेरिका होत्या.

पहिला तरुण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा १९५८ साली सुरू झालेल्या पवईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडत होता. त्याला अमेरिका दिसली ती प्रयोगशाळा आणि शिष्यवृत्ती यांच्या रूपाने. त्याच्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली, स्टेशनवर हार पडले आणि वर्तमानपत्रात फोटो आला. मराठी मध्यमवर्गाचे लक्ष मुख्यतः या तरुणाकडेच होते.

दुसऱ्या तरुणाला अमेरिका भेटली ती कवितेतून आणि संगीतातून. १९६२ साली कवी अॅलन गिन्सबर्ग भारतात आला आणि मुंबईतही राहिला. त्याच सुमारास प्रस्थापित मासिकांना कंटाळलेले मराठी लेखक स्वतःची अनियतकालिके काढीत होते. ‘शब्द’ १९५४ पासूनच निघू लागले होते. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ आणि राजा ढाले यांचे ‘येरू’ ही त्यांतली ठळक नावे. कागद साधा, छपाई बेताची, वर्गणीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण भाषेला त्यांनी नवा श्वास दिला. थोड्याच वर्षांत गोव्याच्या कळंगुट आणि हणजूण किनाऱ्यांवर हिप्पींचे तांडे उतरले. त्यांच्या लांब केसांचे आणि ढगळ कपड्यांचे अनुकरण शहरी महाविद्यालयांत झाले. ज्येष्ठांनी त्यावरून कपाळाला आठ्या घातल्या, आणि अमेरिकन तरुण म्हणजे चरस आणि गिटार असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले.

तिसरा तरुण मुंबईच्या चाळीत आणि झोपडीत राहत होता. तो १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात किंवा १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर होता. त्याने वाचली ती निराळीच अमेरिका. मिलिंदमध्ये म. ना. वानखडे यांच्यासारखे अमेरिकेत शिकून आलेले प्राध्यापक कृष्णवर्णीयांच्या साहित्याविषयी बोलत होते. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’मधून दलित साहित्याची चर्चा झडत होती. पुढे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथही लिहिला. तिकडे चर्चमधील भजने सत्याग्रहींची गाणी झाली. इकडे जलशांतून आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांतून चळवळ घरोघर गेली. दोन्हीकडे निरक्षर माणसाने इतिहास प्रथम गाऊन पाठ केला.

पँथर

१९७० साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील इलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे आला. अत्याचारांची त्यात वाचलेली जंत्री अंगावर काटा आणणारी होती. १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातील बावडा गावी दलितांवर बहिष्कार पडला. रिपब्लिकन पक्षाची शकले झालेली होती. अशा वेळी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे मित्र यांनी ‘दलित पँथर’ उभी केली. २९ मे १९७२ ही तिच्या स्थापनेची तारीख मानली जाते. ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि मुंबईत टॅक्सी चालवून त्यांनी दिवस काढले होते. त्याच वर्षी त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

नाव ओकलंडहून आले, यात शंका नाही. पण ‘हे अनुकरण आहे’ असा जो शेरा त्या वेळी काहींनी मारला, तो न्यायाचा नव्हता. नाव घेतले, मजकूर स्वतःचा लिहिला. ब्लॅक पँथरच्या हाती बंदूक होती. दलित पँथरच्या हाती मुख्यतः लेखणी, मोर्चा आणि भाषण होते. अत्याचाराची बातमी येताच त्या गावी पोचणे, पोलिसांना गुन्हा नोंदविण्यास भाग पाडणे, हे त्यांचे काम. १९७३ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया अशा सर्व पिळल्या जाणाऱ्यांचा समावेश केलेला आहे. जोतीरावांच्या ‘स्त्रीशूद्रातिशूद्र’ या संकल्पनेचीच ही विसाव्या शतकातील आवृत्ती नव्हे काय?

१५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. साने गुरुजींनी स्थापिलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला कायद्यात असलेली शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर घाला घालणाऱ्याला होणारी शिक्षा यांची त्यांनी तुलना केली. शब्द अत्यंत कडक होते. महाराष्ट्रभर वादळ उठले. लेखातील भाषेविषयी मतभेद असू शकतात. त्यातील प्रश्नाला मात्र उत्तर देणे सर्वांनाच अवघड गेले.

१९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली. १० जानेवारीस परळ भागात मोर्चावर दगडफेक झाली आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. त्यानंतर विचारांच्या आणि नेतृत्वाच्या वादात संघटना दुभंगली; १९७७ च्या मार्चमध्ये ढाले आणि पवार यांनी आपल्या बाजूने ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. काहींनी ती वेगळ्या नावाने पुढे चालविली. संघटना अल्पायुषी ठरली. तिचे साहित्य दीर्घायुषी झाले. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि मराठी आत्मचरित्राची वाटच बदलली. त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावरून मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका नावासाठी सोळा वर्षे!

दार कोणी उघडले?

आता मूळ तपासणीकडे वळू. आपली मुले अमेरिकेत गेली ती कोणत्या दारातून?

१९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना अमेरिकेची दारे बंद झाली होती. १९२३ साली भगतसिंग थिंड या अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या पंजाबी गृहस्थाचा नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नागरिकत्व त्या काळी ‘गोऱ्या’ माणसांना मिळे. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून आपल्याला गोऱ्यांत गणावे, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. वर्णाच्या आधारे दार ठोठावून पाहिले, ते उघडले नाही. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. पण वर्षाला जेमतेम शंभर जणांना प्रवेश, एवढीच फट मोकळी झाली.

ते दार पूर्ण उघडले ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली आणि जन्मदेशावरून प्रवेशाचा हिस्सा ठरविण्याची पद्धत रद्द केली. मताधिकार कायद्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. १९६४ चे नागरी हक्क विधेयक प्रतिनिधिगृहात मांडणारे इमॅन्युएल सेलर यांचेच नाव १९६५ च्या या स्थलांतर कायद्यालाही जोडलेले आहे. घरात रंगावरून भेद करणे लाजिरवाणे ठरल्यावर उंबरठ्यावर तो भेद ठेवणे अशक्य झाले. हा कायदा १९६८ च्या जुलैपासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या तीनच महिने आधी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता.

तेव्हा पहिल्या तरुणाच्या प्रवासाचे भाडे तिसऱ्या तरुणाच्या बांधवांनी भरले, असा हा हिशेब आहे. आज भारतीय वंशाचे पन्नास लाखांच्या आसपास लोक त्या देशात आहेत. शिकागो, न्यू जर्सी, बे एरिया येथे मराठी मंडळे आहेत. १९८१ पासून त्यांची एक मध्यवर्ती संस्थाही आहे. त्या मंडळांतील गणपतीच्या आरतीमागे बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांवर सोडलेल्या पाण्याच्या फवाऱ्यांचा आवाज आहे, हे किती जणांच्या ध्यानी येत असेल? उलट, परदेशी निघालेल्या आपल्या लेकराला जे सल्ले आपण देतो, त्यात ‘काळ्यांच्या वस्तीत जाऊ नको रे बाबा’ हा सल्ला अगदी वरच्या क्रमांकावर असतो. ज्यांनी दार उघडले त्यांच्याचकडे पाठ फिरवून आत शिरण्याचा हा प्रकार आहे.

जातीचे ओझेही आपण सामानातून नेले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल नगराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. या निर्णयाविषयी तेथील भारतीयांत तीव्र मतभेद झाले. परंतु ज्या देशाला जोतीरावांनी गुलामगिरी मोडण्याचा आदर्श मानले, त्या देशाला आपली जात बंद करण्याचा विचार करावा लागला, ही घटना अंतर्मुख करणारी आहे.

आपण कोठे उभे आहोत

छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भोसल्यांच्या राजवटीबरोबर, नंतर रेल्वे, महसूल आणि शिक्षण खात्यांबरोबर आपण येथे आलो. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. ज्या भूमीने आपल्याला सामावून घेतले, तिच्यात गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे ‘गुलामगिरी’च्या आधी, सर्व माणसे समान असल्याचा उपदेश केला. त्यांच्या सतनाम पंथाचा पांढरा जैतखांब आपण जाता-येता पाहतो. माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते या भूमीशी एकरूप होण्यासाठीच. परप्रांतात राहूनही दार किलकिले ठेवून कसे जगावे, याचा तो वस्तुपाठ होय.

आपले मंडळ ज्या दशकात स्थापन झाले, त्याच दशकात पँथर जन्मली, ‘गोलपिठा’ आणि ‘बलुतं’ लिहिले गेले. तेव्हापासून आपण गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू, नाट्यसंगीत यांची परंपरा निष्ठेने जपली, आणि त्याबद्दल ज्येष्ठांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु दूर राहणारा माणूस घरची आठवण जपताना तिच्यातला काही भाग नकळत वगळतो. मराठीपण म्हणजे ज्ञानेश्वर, तुकाराम आणि शिवराय; तसेच ते फुले, आनंदीबाई, रमाबाई, आंबेडकर आणि ढसाळ हेही आहे. नातवाने न्यू जर्सीहून ‘आजोबा, आपले लोक कोण होते?’ असे विचारले, तर उत्तर अर्धे असू नये.

म्हणून एक साधी सूचना करून लेखणी ठेवतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या वाचनालयात ‘गुलामगिरी’, रमाबाईंचे अमेरिकावर्णन, ‘गोलपिठा’ आणि ‘बलुतं’ ही चार पुस्तके एका फळीवर ठेवावीत. परदेशी निघणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने जाण्यापूर्वी त्यांतील एक तरी वाचावे. लोणच्याच्या बरणीबरोबर एवढा शिदोरीचा भाग त्यांनी अवश्य न्यावा.